स्क्रीनवरचे तीन लाख पंधरा हजार कोणाचे?

आमच्या सोसायटीतले अप्पा वीज मंडळातून निवृत्त झालेत. गेल्या आठवड्यात त्यांनी मला जिन्यातच गाठलं आणि मोबाइल नाकासमोर धरला. त्यांच्या ब्रोकरच्या अ‍ॅपमध्ये ‘अव्हेलेबल मार्जिन’ या शब्दांपुढे ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 3,15,240.

“एवढे पैसे मी भरलेलेच नाहीत रे. माझे साठ हजार होते. चुकून कोणाचे माझ्या खात्यात आले की काय?”

कोणाचेही आले नव्हते. अप्पांनी महिन्यापूर्वी अ‍ॅपमधलं एक बटण दाबून तीन लाखांचे शेअर तारण ठेवले होते. आपण तारण ठेवतोय, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. ओटीपी आला, तो यांनी टाकला आणि विसरून गेले.

दोष त्यांचा एकट्याचा नाही. ब्रोकरच्या अ‍ॅपमधला आकडा बँकेच्या पासबुकातल्या शिल्लकीसारखा दिसतो, पण तसा नसतो. त्यात तुमचे पैसे, तुमच्या तारणावर मिळालेली पत आणि कधीकधी चक्क ब्रोकरची उधारी अशी मिसळ झालेली असते. म्हणून अशा खात्यातल्या प्रत्येक रुपयाला आणि प्रत्येक शेअरला दोनच गोष्टी विचारायच्या: तू कोणाच्या नावावर आहेस, आणि आत्ता कोणाच्या ताब्यात आहेस? मार्जिन, परकी चलन, पैशांची सुरक्षितता हे तीन वेगळे विषय वाटतात, पण तिन्हींत हेच दोन प्रश्न कामी येतात.

शेअर्सचा सातबारा

अप्पांची वाईजवळ दीड एकर जमीन आहे, त्यामुळे सातबारा त्यांना माझ्यापेक्षा चांगला कळतो. मी तिथूनच सुरुवात केली.

तुमचे शेअर ब्रोकरकडे नसतात. जमीन काही तलाठ्याच्या कपाटात नसते, तसंच हे. शेअर कोणाच्या मालकीचे, याची नोंद डिपॉझिटरी ठेवते. भारतात अशा दोन डिपॉझिटरी आहेत, एनएसडीएल आणि सीडीएसएल. दोन्ही मुंबईतल्याच. तुमचं डीमॅट खातं म्हणजे या नोंदवहीतलं तुमच्या नावाचं पान. ब्रोकर फक्त व्यवहार घडवून आणतो.

सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ असा रकाना असतो. सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज काढलं की त्यात बोजा चढतो. जमीन तुमच्याच नावावर राहते, कसताही तुम्हीच, पण बोजा उतरल्याशिवाय विकता येत नाही. अप्पांनी दाबलेल्या बटणाने नेमकं हेच केलं. त्याला मार्जिन प्लेज म्हणतात. शेअर त्यांच्याच डीमॅटमध्ये, लाभांशही त्यांनाच, फक्त बोजा ब्रोकरच्या नावे.

पण तीन लाखांच्या शेअर्सवर तीन लाखांची पत मिळत नाही. सोनं तारण ठेवून घेणारा जसा दागिन्याची पूर्ण किंमत हातावर ठेवत नाही, तसंच इथे. भाव पडला तर आपलं नुकसान नको म्हणून आधीच कात्री लावतात. बाजारात त्याला ‘हेअरकट’ असंच म्हणतात. जो शेअर जास्त उसळतो-आपटतो, त्याला कात्री मोठी. अप्पांच्या शेअर्सना सरासरी 15 टक्के लागली होती. तीन लाखांतून 45 हजार गेले, उरले 2,55,000, आणि त्यांचे स्वतःचे 60,240 मिळवले की झाले 3,15,240.

यातले 2,55,000 बँकेत काढता येत नाहीत. त्यातून डिलिव्हरीने, म्हणजे ठेवून देण्यासाठी, नवे शेअरही घेता येत नाहीत. ती फक्त फ्युचर्स-ऑप्शन्स, म्हणजे पुढच्या तारखेच्या भावावरचे सौदे, किंवा इंट्राडे, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकण्याच्या व्यवहारांसाठीची पत आहे. अप्पा यातलं काहीच करत नाहीत. म्हणजे हा बोजा त्यांनी हौसेने चढवून घेतला होता, असंच म्हणायचं.

एकच शब्द, दोन अर्थ

‘मार्जिन’ हा शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात. सगळा गोंधळ तिथून सुरू होतो.

पहिला अर्थ अनामत. लग्नाचं कार्यालय घेतलं की भाड्याशिवाय अनामत ठेवावी लागते. भांडी फुटली तर त्यातून कापतात, नाहीतर परत. फ्युचर्स-ऑप्शन्समधलं मार्जिन असं असतं. इथे तुम्ही कर्ज घेतलेलं नसतं. पुढे तोटा झाला तर तो भरून देण्याची हमी दिलेली असते. फरक एवढाच की कार्यालयवाला भांडी शेवटी मोजतो आणि बाजार रोज मोजतो. तोटा दिसला की त्याच दिवशी वसूल.

या अनामतीला एक अट आहे, जी अनेकांना महिनाअखेरचं स्टेटमेंट बघून कळते. रात्रभर ठेवलेल्या फ्युचर्स-ऑप्शन्स व्यवहारासाठी किमान निम्मी अनामत रोख किंवा रोखीसारख्या स्वरूपात हवी. समजा अप्पांनी दोन लाख अनामतीचा व्यवहार केला असता, तर एक लाख रोख हवे होते. त्यांच्याकडे 60 हजार. उरलेले 40 हजार ब्रोकर आपल्या खिशातून घालतो आणि त्यावर व्याज लावतो. दिवसाला 0.035 टक्के दर धरला तर रोजचे 14 रुपये. आकडा चहाच्या टपरीवरचा वाटतो, पण वार्षिक दर पावणेतेरा टक्क्यांच्या आसपास जातो. स्क्रीनवर ‘अव्हेलेबल’ भरपूर दिसत असताना व्याज कशाचं, या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे.

दुसरा अर्थ डाउन पेमेंट. एमटीएफ, म्हणजे मार्जिन ट्रेडिंग फॅसिलिटी, हे सरळसरळ कर्ज आहे. एक लाखाचे शेअर घ्यायचे, 40 हजार तुमचे, 60 हजार ब्रोकरचे. व्याज 15 टक्के धरलं तर महिन्याला 750 रुपये. शेअर तुमच्या नावावर, बोजा ब्रोकरचा.

आता तो शेअर 20 टक्के पडला असं समजा. एक लाखाचे 80 हजार झाले. कर्ज 60 हजारांचं तसंच आहे. तुमचे उरले 20 हजार. शेअर पडला एक पंचमांश, पण तुमचं भांडवल निम्मं झालं. आणि ब्रोकरला 80 हजारांवर 40 टक्क्यांनी 32 हजार मार्जिन हवं असतं, म्हणजे 12 हजार कमी. मग मोबाइलवर ‘मार्जिन शॉर्टफॉल’चा मेसेज येतो. पैसे भरा, नाहीतर आम्ही विकतो.

ही विक्री तुमची परवानगी मागून होत नाही. परवानगी तुम्ही खातं उघडताना, न वाचलेल्या पानांवर दिलेली असते. 4 जून 2024 ला लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशी सेन्सेक्स 4,389 अंकांनी, पावणेसहा टक्क्यांच्या जवळ कोसळला. नंतरच्या तीन दिवसांत बाजार तो खड्डा भरून वर आला. ज्याने स्वतःच्या पैशाने शेअर घेतले होते, तो त्या दिवशी नुसता हळहळला. उधारीवाल्याला मात्र तीन दिवस थांबायची मुभा नसते. बाजार शेवटी वर येतोच, हे वाक्य खरं असलं तरी उधारीवाल्याच्या उपयोगाचं नाही.

एक खरं की हा प्रकार पूर्वी जास्त भयंकर होता. इंट्राडेसाठी काही ब्रोकर वीसपट, तीसपट पत देत. सेबीने, म्हणजे बाजाराच्या नियामकाने, डिसेंबर 2020 पासून टप्प्याटप्प्याने ‘पीक’ (दिवसातल्या सर्वोच्च) मार्जिनचा नियम आणला आणि 1 सप्टेंबर 2021 पासून तो पूर्ण लागू झाला. दिवसभरात कोणत्याही क्षणी पूर्ण मार्जिन हवं, आणि शेअर्सच्या इंट्राडेत ते किमान 20 टक्के, म्हणजे फार तर पाचपट. तेव्हा लोकांनी आरडाओरडा केला होता. मला तो नियम तेव्हाही बरा वाटला आणि आजही वाटतो.

“पण ब्रोकरच बुडाला तर?”

अप्पांचा खरा प्रश्न हा होता. महाराष्ट्रात पतसंस्था आणि सहकारी बँकांनी पोळलेली माणसं गल्लोगल्ली आहेत, पीएमसी बँकेबाहेरच्या 2019 मधल्या रांगा अजून कोणी विसरलेलं नाही. त्यामुळे पुढचा प्रश्नही ठरलेला: बँकेतल्या पाच लाखांसारखा इथे विमा आहे का?

नाही. ठेव विमा बँकेतल्या ठेवींना असतो, ब्रोकरकडच्या पैशांना नाही. शेअर बाजारांचा गुंतवणूकदार संरक्षण निधी असतो, ब्रोकर दिवाळखोर जाहीर झाला तर त्यातून ठरावीक मर्यादेपर्यंत भरपाई मिळू शकते. पण इथली मूळ कल्पनाच वेगळी आहे. बँकेत ठेवलेला पैसा बँक पुढे कर्जाऊ देते, म्हणून विमा लागतो. ब्रोकरने तुमचा पैसा वापरायचाच नसतो. म्हणून सगळा भर त्याच्या हाताशी पैसा राहूच नये यावर आहे.

हा भर काही सुखासुखी आलेला नाही. हैदराबादच्या कार्वी स्टॉक ब्रोकिंगवर सेबीने 22 नोव्हेंबर 2019 ला आदेश काढला. 95 हजारांहून जास्त ग्राहकांचे, सुमारे 2,300 कोटींचे शेअर कंपनीने स्वतःच्या कर्जासाठी बँका आणि वित्तसंस्थांकडे तारण ठेवले होते. हे जमलं कसं? तेव्हा खातं उघडताना ग्राहक ब्रोकरला मुखत्यारपत्र देत. सातबाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर एजंटाला कुलमुखत्यारपत्र दिलं, आणि त्याने तुमच्या जमिनीवर स्वतःच्या नावाने कर्ज काढलं. डिसेंबरच्या सुरुवातीला डिपॉझिटरीने जवळपास 83 हजार ग्राहकांचे शेअर त्यांच्या खात्यात परत वळवले. बाकीच्यांना मात्र थांबावं लागलं.

त्यानंतर एकेक करून दारं बंद झाली. 1 सप्टेंबर 2020 पासून मार्जिनसाठी शेअर ब्रोकरच्या खात्यात हलवणं बंद, फक्त बोजा, आणि तोही ग्राहकाच्या ओटीपीनंतर. 2022 मध्ये सरसकट मुखत्यारपत्राच्या जागी डीडीपीआय नावाची मोजक्याच कामांची परवानगी आली: विकलेले शेअर देणं, तारण नोंदवणं, अशी ठरलेली कामं.

पैशांच्या बाबतीत मोठा बदल 2023 चा. त्याआधी काही ब्रोकर ग्राहकांच्या पैशांच्या मुदत ठेवी करत, त्यावर बँकेकडून ठेवीपेक्षा मोठ्या रकमेची हमी घेत आणि ती पुढे देत. ती पद्धत बंद झाली. आता दिवस संपताना ग्राहकांचा पैसा ब्रोकरकडे न राहता क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे जायला हवा. क्लिअरिंग कॉर्पोरेशन म्हणजे बाजारातल्या प्रत्येक सौद्यात मध्ये उभी राहून दोन्ही बाजूंना हमी देणारी संस्था. याला नाव आहे अपस्ट्रीमिंग. दुकानाच्या गल्ल्यातली रक्कम रोज रात्री बँकेत भरली की चोराला गल्ला फोडून काही मिळत नाही, तसं हे.

शिवाय पडून असलेले पैसे ब्रोकरला महिन्याने किंवा तिमाहीने, जे तुम्ही निवडलं असेल त्याप्रमाणे, तुमच्या बँक खात्यात परत पाठवावे लागतात. खात्यात अचानक पैसे जमा झालेले बघून घाबरून ब्रोकरला फोन करणारे लोक मी पाहिलेत. ते हेच पैसे.

आणि ज्याला ब्रोकरकडे पैसा ठेवायचाच नाही, त्याच्यासाठी आता यूपीआय ब्लॉकची सोय आहे. आयपीओला अर्ज करताना पैसे आपल्याच खात्यात अडकून राहतात ना, तशीच. मोठ्या ब्रोकरांना 1 फेब्रुवारी 2025 पासून ही सोय किंवा बँक-डीमॅट-ट्रेडिंग असं जोडखातं देणं बंधनकारक आहे. ती फारशी कोणी वापरताना मला दिसत नाही. अ‍ॅपवाले तिचा गाजावाजा करत नाहीत, हे एक कारण असावं.

डॉलरची वाट

अमेरिकेतले शेअर घ्यायचे तर आधी रुपयाचे डॉलर करावे लागतात. त्यासाठी रिझर्व्ह बँकेची एलआरएस ही योजना आहे: भारतात राहणाऱ्या व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात.

अ‍ॅप सांगतं, शून्य ब्रोकरेज. हिशेब करून बघू. समजा बाजारात डॉलर 90 रुपये आहे आणि तुम्ही दोन लाख पाठवताय. बाजारभावाने 2,222 डॉलर व्हायला हवेत. बँक तुम्हाला 91.35 चा भाव लावते, म्हणजे दीड टक्का वर. हातात आले 2,189. तेहेतीस डॉलर, जवळपास तीन हजार रुपये, कुठेही ‘शुल्क’ म्हणून न लिहिता गेले. त्यावर चलन बदलाचा जीएसटी 270 रुपये. पाठवणावळ 500 धरली तर करासह 590. सगळं मिळून साधारण 3,800, म्हणजे 1.9 टक्के. आणि हे नुसतं जाताना. येताना पुन्हा भावात कापलं जाणार.

म्हणून ‘फी किती?’ असं विचारू नका. ‘आज दोन लाख दिले तर पोचतील किती डॉलर?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला सगळेच गोड उत्तर देतात. दर महिन्याला पाच-पाच हजार पाठवणाऱ्यांची तर पाठवणावळीतच वाट लागते, त्यापेक्षा साठवून दोनदा पाठवलेलं परवडतं.

टीसीएसबद्दल, म्हणजे पैसे बाहेर पाठवताना बँक आधीच कापून घेते त्या कराबद्दल, उगाच भीती आहे. 1 एप्रिल 2025 पासून वर्षाला 10 लाखांपर्यंत काही नाही. गुंतवणुकीसाठी 12 लाख पाठवले तर वरच्या दोन लाखांवर 20 टक्के, म्हणजे 40 हजार बँक कापून घेते. हा पैसा बुडत नाही, तुमच्या नावे भरलेला आगाऊ कर असतो. विवरणपत्रात वळता होतो, नोकरदारांना पगारातल्या टीडीएसमध्येही तो धरायला सांगता येतो. अडचण एवढीच की तोपर्यंत तो अडकतो.

आणि उधारीवर अमेरिकी शेअर? भारतात राहणाऱ्याला परदेशातल्या बाजारात मार्जिन भरण्यासाठी एलआरएसमधून पैसे पाठवताच येत नाहीत. तो रस्ता बंद आहे. कोणी अ‍ॅपवर डॉलरमध्ये शंभरपट पत देऊ करत असेल तर तिथे पैसे पाठवू नका.

परदेशात राहणाऱ्यांना मात्र हा रस्ता मोकळा असतो, आणि त्यातही एक खोच आहे. माझी भाची जर्मनीत असते. तिने अनेक चलनं ठेवता येणाऱ्या खात्यात दहा हजार युरो भरले आणि पाच हजार डॉलरचे अमेरिकी शेअर घेतले. खातं मार्जिन प्रकारचं होतं. तिला वाटलं, युरोचे डॉलर आपोआप झाले असतील. दोन महिन्यांनी स्टेटमेंट नीट बघितलं तर युरो दहा हजार तसेच, आणि डॉलरच्या ओळीत उणे पाच हजार. एका खिशात पैसे असताना दुसऱ्या खिशासाठी उधारी चालू होती. सहा टक्क्यांनी महिन्याला 25 डॉलर व्याज. ही चूक म्हणता येणार नाही, काहीजण मुद्दाम असं करतात, म्हणजे डॉलर घसरला तरी शेअरमधला चलनाचा तोटा कर्जात भरून निघतो. पण तिने मुद्दाम केलं नव्हतं. कॅश प्रकारचं खातं असतं, तर डॉलर नसताना ऑर्डरच गेली नसती.

तिथे सातबारा कोणाच्या नावावर?

इथे आपली सातबाऱ्याची उपमा थोडी लंगडी पडते. अमेरिकेत ब्रोकरमार्फत घेतलेले शेअर डिपॉझिटरीच्या नोंदीत तुमच्या नावावर नसतात. बहुतेक सगळे ‘सीड अँड कंपनी’ या एकाच नावावर असतात. गावातल्या सगळ्या जमिनीचा सातबारा एकाच नावाचा आणि कोणाचा हिस्सा किती ते ब्रोकरच्या वहीत, असा तो प्रकार. त्यामुळे तिथे ब्रोकरची वही खरी असणं फार महत्त्वाचं. ग्राहकांची मालमत्ता वेगळी ठेवणं कायद्याने सक्तीचं आहे, आणि ब्रोकर बुडून काही कमी पडलंच तर एसआयपीसी ही संस्था एका ग्राहकाला पाच लाख डॉलरपर्यंत भरून देते, त्यात रोख अडीच लाखांपर्यंत. भारतीय नागरिक असलात तरी खातं एसआयपीसीच्या सदस्य ब्रोकरकडे असेल तर हे लागू होतं. शेअरचा भाव पडला तर मात्र कोणीच भरून देत नाही, इथेही आणि तिथेही.

मार्जिन खात्यात एक गोष्ट आणखी. तिथला ब्रोकर तुमच्या कर्जाच्या 140 टक्क्यांपर्यंत किमतीचे तुमचे शेअर पुढे स्वतः तारण ठेवू शकतो, आणि ते कायदेशीर आहे. पाच हजार डॉलर कर्ज असेल तर सात हजारांचे शेअर. कर्ज शून्य, तर हा हक्कही शून्य.

“मग रोज काय तपासायचं?”

रोज काही नाही. अ‍ॅप तर नाहीच, कारण अ‍ॅप ब्रोकरचं असतं. कार्वीच्या ग्राहकांनाही कार्वीच्या स्क्रीनवर सगळं जागच्या जागी दिसत होतं. तपासायचं ते ब्रोकर सोडून दुसऱ्या कोणी पाठवलेलं. डिपॉझिटरीकडून ईमेलवर येणारं एकत्रित स्टेटमेंट, ज्याला सीएएस म्हणतात, त्यात किती शेअर मोकळे आणि किती तारण हे वेगवेगळं दिसतं. आणि दुसरा, शेअर बाजाराकडून येणारा एसएमएस, की तुमच्या ब्रोकरने तुमची शिल्लक आम्हाला एवढी कळवली आहे. हे दोन कागद आणि अ‍ॅप यांत फरक दिसला तर आधी ब्रोकरला लेखी विचारायचं, आणि उत्तर नाही आलं तर सेबीच्या स्कोअर्स या पोर्टलवर तक्रार.

अप्पांना मी तो एसएमएस शोधायला सांगितला. म्हणाले, असले मेसेज मी न वाचताच पुसतो, कर्जवाल्यांचे असतात. चष्मा वर-खाली करत त्यांनी मोबाइल बराच वेळ चाळला. वीजबिल, गॅस, लकी ड्रॉ, आणि त्यांच्या मधोमध एक न उघडलेला सापडला. 60,240 रुपये, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं.

“म्हणजे बाजाराला माहीत होतं,” अप्पा म्हणाले. “मलाच नव्हतं.” मग तिथेच जिन्याच्या पायरीवर बसून त्यांनी विचारलं, “आता हा बोजा उतरवायचा कसा, ते सांग. तलाठ्यासारखे हेलपाटे नाहीत ना?”

हेलपाटे नव्हते. अनप्लेजची विनंती टाकायला दोन मिनिटं लागली, आणि दुसऱ्या दिवशी आकडा साठ हजारांवर आला.